सरनोबत नेताजी पालकर

जपानमध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांसमोर ‘नेताजी’ हा शब्द उच्चारला की सुभाषबाबूच डोळ्यांसमोर येतात, आणि ते साहजिकही आहे. त्सुकुबाहून एक्स्प्रेसने पाऊण तासात अकिहाबारा गाठायचे, पुढे गाड्या बदलत तोक्योच्या सुगिनामी भागातल्या रेनकोजी मंदिरात जायचे, तिथे जपून ठेवलेल्या अस्थींपुढे हात जोडायचे. भारतातून पाहुणे आले की ही फेरी आपल्यापैकी अनेकांच्या घरी ठरलेली असते. अशाच एका फेरीहून परतताना मी गाडीत मुलांना सांगितले की आपल्याकडे आणखी एक नेताजी होऊन गेले, साडेतीनशे वर्षांपूर्वी, आणि ते घोड्यावरचे नेताजी. मुलांनी लगेच विचारले की मग ते जिंकले का? मला पटकन उत्तर देता आले नाही. ते जिंकले, हरले, एकदा वेळेवर पोहोचले नाहीत, पदावरून दूर झाले, शत्रूला मिळाले, त्याच शत्रूच्या कैदेत पडले, नाव बदलले, धर्म बदलला, अफगाणांच्या मुलखात लढले आणि जवळजवळ दहा वर्षांनी घरी परत आले. मोरिया स्टेशन येईपर्यंत एवढे सगळे सांगून होणे शक्य नव्हते. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी हा लेख.

शाळेच्या इतिहासात नेताजी पालकरांच्या वाट्याला एखाद-दुसरीच ओळ येते. तानाजी, बाजीप्रभू, मुरारबाजी यांच्या गोष्टी सांगायला सोप्या आहेत. पराक्रम केला, देह ठेवला, गोष्ट पूर्ण झाली. नेताजींची गोष्ट तशी पूर्ण होत नाही. मध्येच ती अशा वळणावर जाते की सांगणारा अडखळतो आणि मग सोयीचे तेवढे सांगून पुढे सरकतो.

रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यात चौक नावाचे गाव आहे. मुंबई-पुणे रस्त्याने गेलेल्या प्रत्येकाने त्याची पाटी पाहिलेली असेल. या गावाशी नेताजींचे नाव जोडलेले आहे. पालकर घराणे आणि भोसले घराणे यांचे नाते जवळचे होते. महाराजांच्या राणी पुतळाबाई पालकरांच्या घरच्या, आणि महाराजांची कन्या कमळजाबाई ही पालकरांकडे दिलेली. पुढे जे घडले त्याला ही नात्याची बाजूही आहे, हे वाचताना ध्यानात ठेवावे.

माणकोजी दहातोंडे यांच्यानंतर, १६५७-५८ च्या सुमारास, नेताजी स्वराज्याच्या घोडदळाचे सरनोबत झाले. सरनोबत म्हणजे सेनापती, हे आपण ऐकून असतो. पण त्या पदाचे काम काय होते ते समजून घेतल्याशिवाय या माणसाचे मोल कळत नाही. घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. ज्याला घोडा आणि हत्यार सरकारी पागेतून मिळे तो बारगीर. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येई तो शिलेदार. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमलेदारांवर हजारी, पाच हजारींवर पंचहजारी आणि या सगळ्यांवर सरनोबत, अशी रचना सभासदाच्या बखरीत दिली आहे. पावसाळ्याचे चार महिने फौज छावणीत, उरलेले आठ महिने परमुलखात. दसऱ्याला कूच करायचे, जाताना प्रत्येकाच्या सामानाची नोंद करायची आणि परतल्यावर झडती घ्यायची, कारण लूट सरकारजमा झाली पाहिजे. शिवाय वाटेत रयतेला त्रास होता कामा नये. म्हणजे हजारो स्वार, त्यांचे घोडे, दाणा-वैरण, हेर, लुटीचा हिशेब आणि शिस्त, हे सारे सतत धावत्या स्थितीत सांभाळायचे. तलवार चालवणे हा त्यातला लहान भाग. खरा भाग होता तो वेळेचा. अमुक दिवशी, अमुक घडीला, अमुक घाटाच्या तोंडाशी फौज उभी दिसली पाहिजे.

या वेळ साधण्याच्या कामात नेताजी किती तयार होते ते १६५९ च्या नोव्हेंबरात दिसले. प्रतापगडाच्या पायथ्याशी १० नोव्हेंबरला अफजलखानाचा वध झाला, ही गोष्ट आपण पोवाड्यांत शेकडो वेळा ऐकली. पण खान मेला म्हणजे त्याची फौज मेली असे होत नाही. ती पारजवळ खाली खोऱ्यात तळ देऊन होती, हत्ती-घोडे-तोफांसह. गडावरून तोफेचा इशारा झाला, जावळीच्या रानातून मावळे बाहेर पडले, आणि वरघाटी थांबलेले नेताजींचे घोडदळ तुटून पडले. पासष्ट हत्ती, चार हजार घोडे, बाराशे उंट हाती लागले असे बखर सांगते. त्यानंतर महाराजांनी आणि नेताजींनी मिळून जो वेग दाखवला तो थक्क करणारा आहे. १८ दिवसांत, २८ नोव्हेंबरला, पन्हाळा स्वराज्यात आला. २८ डिसेंबरला कोल्हापूरजवळ रुस्तुम-ए-जमान आणि अफजलखानाचा मुलगा फाजलखान यांचा पराभव झाला. नेताजींच्या दौडी विजापूरच्या परिसरापर्यंत जाऊ लागल्या. लोक त्यांना प्रतिशिवाजी म्हणत. शत्रूच्या मनात महाराजांचा जो धाक होता तोच या नावाचाही बसला, आणि कोण कुठे आहे याचा शत्रूला पत्ताच लागेना.

पण म्हणून नेताजींना अपयश माहीत नव्हते असे समजू नये. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला तेव्हा नेताजी बाहेर होते. वेढा फोडण्यासाठी ते आणि सिद्दी हिलाल मिळून चालून गेले. सिद्दी हिलाल हा महाराजांच्या चाकरीतला मुसलमान सरदार. या लढाईत त्याचा तरुण मुलगा वाहवाह जखमी होऊन शत्रूच्या हाती पडला. वेढा फुटला नाही. जुलैत महाराज रात्रीच्या पावसातून विशाळगडाकडे निसटले, बाजीप्रभू पडले, हे पुढचे सर्वांना ठाऊक आहे. १६६३ च्या मार्च महिन्यात मोगलांनी नेताजींचा असा पाठलाग केला की ते जखमी झाले, तीनशे घोडे गमावले आणि कसेबसे वाचले. या प्रसंगी विजापूरच्या रुस्तुम-ए-जमाननेच त्यांना निसटायला मदत केली असे त्या वेळच्या इंग्रज वखारीच्या पत्रांतून कळते. तीन वर्षांपूर्वी ज्याला हरवले त्याच्याच साह्याने जीव वाचला! सतराव्या शतकातले राजकारण असे होते, आणि नेताजींचे पुढचे आयुष्य समजण्यासाठी हे मनात असलेले बरे.

मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखान १६६५ मध्ये दख्खनेत उतरले आणि सगळा डाव बदलला. जूनमध्ये पुरंदरचा तह झाला. तेवीस किल्ले गेले, बारा राहिले, आणि विजापूरवरच्या मोगली मोहिमेत महाराजांनी साथ द्यावी असे ठरले. त्या वर्षाच्या नोव्हेंबरात सुमारे नऊ हजार मराठी फौज जयसिंगाबरोबर निघाली. फलटण, ताथवडा अशी ठाणी तिने भराभर घेतली. कालपर्यंत ज्या मोगलांवर छापे घातले त्यांच्याच झेंड्याच्या बाजूला उभे राहून नेताजी आता लढत होते. त्यांच्या मनात त्या वेळी काय चालले असेल याची कल्पना आपणच करावी. पण काम चोख झाले.

मोहीम मात्र फसली. विजापूरच्या अगदी जवळ जाऊन १६६६ च्या जानेवारीत जयसिंगाला माघार घ्यावी लागली. छावणीत कुजबुज सुरू झाली, दिलेरखान महाराजांकडे संशयाने पाहू लागला. तेव्हा महाराजांनी सुचवले की आपण जाऊन पन्हाळा घेतो. १६ जानेवारीला पहाटेपूर्वीच्या अंधारात हल्ला चढवला. किल्ल्यावरचे लोक सावध होते. सुमारे हजार माणूस पडले आणि माघार घ्यावी लागली. नेताजी आपली फौज घेऊन वेळेवर पोहोचले नव्हते.

उशीर का झाला याची कारणे नंतरच्या लोकांनी पुष्कळ रचली. कुणी म्हणतात विजापूरकरांनी फितवले, कुणी म्हणतात मोगलांसाठी मराठी रक्त सांडणे त्यांना पटत नव्हते. सभासद या सगळ्यात पडत नाही. समयाला का आला नाहीस असा जाब महाराजांनी विचारला आणि सरनोबती काढून घेतली, एवढेच तो सांगतो. पुढे ती कुडतोजी गुजरांना प्रतापराव या नावाने मिळाली. मला स्वतःला वाटते की आठ वर्षे ज्या माणसाची सगळी ओळख वेळेवर पोहोचणारा अशी होती, त्याला वेळेच्याच कारणावरून दूर करणे हा घाव साधा नव्हता. आणि हजार माणसे गमावलेल्या राजाने जाब विचारला नसता तर तो राजा कसला, हेही तितकेच खरे.

नेताजी विजापूरकरांना जाऊन मिळाले.

हे वाक्य लिहिताना अजूनही जड जाते. म्हणूनच कदाचित एक समजूत आपल्याकडे लोकप्रिय झाली की हे सारे महाराजांचेच गुप्त कारस्थान होते, नेताजींना मुद्दाम शत्रूच्या गोटात पाठवले होते. कादंबरीला हे छान शोभते. पण पुढच्या दहा वर्षांत नेताजींनी जे भोगले ते पाहता, कोणत्या योजनेत कुणी स्वतःसाठी असे लिहून ठेवील? शिवाय ही समजूत मान्य केली तर त्यांचे रागावणे, चुकणे, पस्तावणे आणि परत येणे, हे सगळेच नाटक ठरते. मला तो सौदा महाग वाटतो.

त्या काळच्या जगात सेनापतीने बाजू बदलणे ही नवलाची गोष्ट नव्हती. त्याच शतकात युरोपात १६१८ पासून १६४८ पर्यंत तीस वर्षे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट राजांमध्ये युद्ध पेटले होते. (१६१८ हे औरंगजेबाच्या जन्माचेही वर्ष.) या युद्धातून नावारूपाला आलेला फ्रान्सचा सेनानी त्युरेन घ्या. प्रोटेस्टंट घरात जन्मला, कॅथलिक राजासाठी लढला, पुढे राजदरबाराशी बिनसल्यावर १६५० मध्ये स्पेनशी, म्हणजे उघड शत्रूशी, हातमिळवणी करून आपल्याच राजाच्या फौजेवर चालून गेला. हरला. १६५१ मध्ये परत आला, राजाने ठेवून घेतले, आणि तोच पुढे फ्रान्सचा सर्वांत मोठा सेनापती झाला. १६६८ मध्ये त्याने आपखुशीने कॅथलिक पंथ स्वीकारला. उलट, सम्राटाच्या बाजूने लढणारा वालेनस्टाइन. त्यालाही सम्राटाने १६३० मध्ये पदावरून काढले, गरज पडताच पुन्हा बोलावले, पुन्हा संशय आला आणि १६३४ मध्ये त्याचा खून झाला. रुसलेल्या सेनापतीचे काय करायचे हा प्रश्न पॅरिसलाही पडला होता, व्हिएन्नालाही पडला होता.

जयसिंग मुरलेला माणूस होता. शिवाजी महाराज मार्चच्या सुरुवातीला आग्र्याच्या वाटेला लागले होते, आणि अशा वेळी नेताजींसारखा घोडदळाचा सेनापती विजापूरकडे असणे त्याला परवडणारे नव्हते. त्याने बोलणी लावली. पाच हजारी मनसब, जहागीर आणि अडतीस हजार रुपये रोख देऊन २० मार्च १६६६ रोजी नेताजींना मोगलांकडे वळवले. दोन-अडीच महिन्यांत त्यांनी तीन धनी पाहिले.

१७ ऑगस्टला महाराज आग्र्याहून निसटले. सगळ्या महाराष्ट्रात ज्या बातमीने आनंद झाला असेल, तिने नेताजींच्या आयुष्यावर मात्र कुऱ्हाड कोसळली. औरंगजेबाला दख्खनेत शिवाजीचा माणूस म्हणून हाताशी सापडण्यासारखे एकच मोठे नाव उरले होते. अटकेचा हुकूम सुटला. ऑक्टोबरात धारूरजवळच्या मोगली छावणीत, बीडच्या बाजूला, नेताजींना पकडण्यात आले. त्यांचे चुलते कोंडाजी हेही सापडले. ज्या निष्ठेचा धागा त्यांनी स्वतः तोडला होता, त्याच निष्ठेच्या संशयावरून ते कैद झाले, हा यातला सर्वांत विचित्र भाग आहे.

दिल्लीला नेल्यावर काही दिवसांतच धर्मांतराचा पर्याय पुढे आला. तो पर्याय कसला होता हे सांगायला नको. १६६७ मध्ये नेताजी पालकरांचे महंमद कुलीखान झाले. कुटुंबालाही आणवून त्याच मार्गाने नेण्यात आले. तीन हजारी मनसब मिळाली, म्हणजे जयसिंगाने देऊ केली होती तिच्यापेक्षा कमीच. यात धर्माचा उत्साह किती आणि राजकीय हिशेब किती, हे वेगळे काढणे कठीण आहे. औरंगजेबाच्याच फौजेत जयसिंगासारखे राजपूत होते, विजापूरकडे मराठे सरदार होते आणि महाराजांकडे सिद्दी हिलाल होता. प्रत्येक छावणीत दोन्ही धर्मांचे लोक असत. पण एका माणसाच्या परतीचे दोर कापायचे असतील तर सगळ्यात पक्की कात्री कोणती, हे बादशहाला ठाऊक होते. एकदा धर्म गेला की हिंदू समाज परत घेत नाही, जात घेत नाही, पंगतीला बसवत नाही. म्हणजे दार मोगलांनी लावले खरे, पण त्याला आतून कडी आपल्याच समाजाची होती.

आपण राहतो त्या देशातही याच शतकात असेच दोर कापले जात होते. त्सुकुबा पर्वतावरच्या देवळाकडे चढताना लाकडी कोरीव काम केलेला एक जुना छपराचा पूल लागतो, एरवी बंद असतो, सणाला उघडतात. तो तिसरा शोगुन इएमित्सु याने १६३३ मध्ये अर्पण केलेला. त्याच १६३३ साली, त्याच इएमित्सुच्या राजवटीत, नागासाकीत फेरेरा नावाच्या पोर्तुगीज धर्मगुरूला खड्ड्यात उलटे टांगण्यात आले आणि काही तासांनी त्याने आपला धर्म सोडला. त्याला सावानो चूआन हे जपानी नाव दिले गेले. पुढे १६३७-३८ मध्ये शिमाबाराचे बंड झाले, आणि प्रत्येक घराने कुठल्या तरी बौद्ध मंदिरात नोंद केलीच पाहिजे अशी सक्ती देशभर घट्ट होत गेली. नागासाकीत लोकांना दरवर्षी ख्रिस्ताच्या प्रतिमेवर पाय ठेवायला लावत. फेरेरा १६५० मध्ये जपानमध्येच वारला. त्याला परतायला जागा नव्हती.

महंमद कुलीखानाची रवानगी काबूलकडे झाली. वाटेत लाहोरजवळ त्यांनी निसटण्याचा प्रयत्न केला आणि पकडले गेले, असे सांगतात. आपल्याकडच्या काही पुस्तकांत ते कंदाहारचे किल्लेदार होते असेही छापले जाते. ते मात्र खरे असू शकत नाही, कारण कंदाहार १६४९ पासून इराणच्या शहाकडे होते आणि मोगलांनी तीनदा वेढा घालूनही ते परत मिळाले नव्हते. काबूलची बाजू मात्र त्या दहा वर्षांत मोगलांना फार जड गेली. १६६७ मध्ये युसुफझाई उठले, १६७२ मध्ये आफ्रिदींनी खैबरखिंडीत महंमद अमीनखानाची अख्खी फौज कापून काढली, १६७४ मध्ये शुजाअतखान मारला गेला आणि शेवटी बादशहाला स्वतः हसन अब्दाल येथे येऊन तळ द्यावा लागला. डोंगर, खिंडी, अचानक छापा, लूट आणि पसार. ही सगळी विद्या नेताजींना तळहातासारखी माहीत होती, फक्त आता ते खिंडीत अडकणाऱ्यांच्या बाजूला होते. त्यांना हे कधी जाणवले नसेल असे मला वाटत नाही.

इकडे मुलूख त्यांच्यावाचून पुढे जात राहिला. सिंहगड परत आला, १६७० मध्ये सुरत दुसऱ्यांदा लुटली गेली. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीच्या खिंडीत प्रतापराव गुजर अवघ्या सहा स्वारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि मारले गेले. त्यालाही कारण महाराजांचा कडक शब्दच होता. बहलोलखानाला हातचा सोडला म्हणून. एकापाठोपाठ दोन सरनोबत, दोघांनाही राजाने फटकारले, एक रागाने निघून गेला आणि दुसरा मरणावर धावून गेला. प्रतापरावांच्या नंतर हंबीरराव मोहिते सरनोबत झाले. ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला. नेताजींना ही बातमी कुठल्या ठाण्यावर, किती महिन्यांनी आणि कोणाच्या तोंडून कळली असेल? आपल्यापैकी ज्यांनी घरचे लग्न किंवा जवळच्या माणसाचे जाणे टेलिफोनवरच ऐकले आहे, त्यांना या प्रश्नाचा थोडाफार अंदाज येईल. त्यांच्याकडे तर टेलिफोनही नव्हता.

दहा वर्षांनी माणूस मुरला, आता तो आपलाच झाला, असे बादशहाला वाटले असावे. दिलेरखानाबरोबर महंमद कुलीखानाला दख्खनेत पाठवण्यात आले. शिवाजीचे डोंगर ओळखणारा, त्याच्या चाली जाणणारा माणूस मोहिमेत हवाच होता. १६७६ मध्ये सह्याद्री पुन्हा नजरेच्या टप्प्यात आल्यावर नेताजींनी मोगली छावणी सोडली आणि रायगड गाठला.

या भेटीचे वर्णन मी इथे रंगवणार नाही. नाटकवाल्यांनी आणि चित्रपटवाल्यांनी ते काम केले आहे. पण त्या दिवशी महाराजांपुढे काय होते ते पाहण्यासारखे आहे. समोर उभा असलेला माणूस त्यांच्या राणीच्या माहेरचा होता. तो एकदा वेळेवर आला नव्हता, आणि त्या वेळी हजार माणसे पडली होती. तो विजापूरला गेला होता, मग मोगलांकडे गेला होता. तो नऊ-दहा वर्षे मुसलमान म्हणून राहिला होता. तो दिलेरखानाच्या छावणीतून आला होता. हेर म्हणून आला नसेल कशावरून, हा प्रश्न कोणत्याही राजाला पडलाच असता. आणि शास्त्री-पंडितांचा प्रश्न निराळाच. दोनच वर्षांपूर्वी राज्याभिषेकाच्या वेळी ज्यांच्याशी क्षत्रियत्वावरून वाद घालावा लागला, तोच वर्ग आता परतलेल्या माणसाला पंगतीला घ्यायचे की नाही हे ठरवणार होता.

इथे राज्याभिषेकाचा उपयोग झाला. छत्रपती झालेल्या राजाला धर्माच्या बाबतीत निवाडा करण्याचा अधिकार होता, अष्टप्रधानांत त्यासाठी पंडितरावांचे स्वतंत्र पद होते. फलटणच्या बजाजी नाईक निंबाळकरांना विजापुरात धर्मांतर करावे लागले, त्यांनाही महाराजांच्या घराण्याने परत घेतले आणि त्यांचे चिरंजीव महादजी यांना महाराजांची कन्या सखुबाई दिली, असे परंपरा सांगते. परत घ्यायचे म्हणजे नुसता विधी नव्हे, सोयरीक झाली तरच ते घेणे खरे, हे यामागचे व्यवहारी शहाणपण. नेताजींच्या बाबतीत सोयरीक आधीचीच होती. उरला होता तो विधी. आषाढ वद्य चतुर्थी, शके १५९८, म्हणजे १९ जून १६७६ रोजी नेताजींनी प्रायश्चित्त घेतले आणि ते पुन्हा नेताजी पालकर झाले. हा रस्ता त्यांच्यासोबत बंद झाला नाही. संभाजी महाराजांच्या काळात हर्सूलच्या गंगाधर कुलकर्णी यांनाही असेच परत घेण्यात आले.

सरनोबती मात्र त्यांना परत मिळाली नाही. त्या जागेवर हंबीरराव होते, ते आपले काम उत्तम करत होते, आणि परत आलेल्यासाठी त्यांना हलवण्याचे काहीच कारण नव्हते. कधी काळी प्रतिशिवाजी म्हणवून घेतलेल्या माणसाने ज्या फौजेत हजारी-पंचहजारी आपल्या हाताखाली पाहिले, त्याच फौजेत दुसऱ्या सरनोबताचा मुजरा स्वीकारला जाताना पाहायचा होता. तरी ते राहिले. यापुढे कुठे निघून गेल्याची नोंद नाही.

जेधे घराण्याच्या संग्रहात एक शकावली होती. लोकमान्य टिळकांनी ती मिळवून प्रसिद्ध केली. शके १५४० पासूनच्या घटना तिच्यात एकेका ओळीत लिहिल्या आहेत. कोण जन्मले, कोणता किल्ला घेतला, कोणाशी लढाई झाली, कोण वारले. शके १५९८ च्या आषाढात नेताजींच्या प्रायश्चित्ताची नोंद आहे. ती इतर नोंदींइतकीच लहान आहे. काबूलचे नाव नाही, बादशहाने दिलेल्या नावाचा उल्लेख नाही, दहा वर्षांचा हिशेब नाही. लिहिणाऱ्याने नाव पालकर असेच लिहिले आहे, आणि पुढच्या ओळीला तो दुसऱ्या घटनेकडे वळला आहे.